आजी-मामाकडे वाढणारं मूल: सोबत करणाऱ्या कार्यकर्त्यासाठी कामाचा क्रम

आई-वडील दोघेही गेले. किंवा वडील गेले आणि आईने दुसरं घर केलं. किंवा दोघं आहेत, पण एक तुरुंगात आणि दुसरं अंथरुणाला खिळलेलं. मूल आजीकडे, मामाकडे, चुलत्याकडे नाहीतर लग्न झालेल्या मोठ्या बहिणीकडे वाढतं आहे. महाराष्ट्रातल्या अशा घरांबरोबर जे काम करतात, म्हणजे संस्थेचे कार्यकर्ते, बाल संरक्षण कक्षाचे क्षेत्रीय कर्मचारी, अंगणवाडी सेविका, समाजकार्याचे विद्यार्थी, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

काम बहुतेक वेळा एकाच ठिकाणी बिघडतं. पहिल्याच भेटीत पिशवीतून बालसंगोपनाचा, म्हणजे अशा मुलांना दरमहा पैसे देणाऱ्या राज्याच्या योजनेचा, फॉर्म बाहेर येतो. घरात पैशाची आशा लागते. आजवर मुलाकडे न फिरकलेला नातेवाईक अचानक हक्क सांगायला येतो. घाईत गोळा केलेल्या कागदांत त्रुटी निघते आणि फाईल परत येते. एवढ्या सगळ्यात मुलाला या घरात कसं वाटतं, हे कुणी विचारलेलंच नसतं. योजना महत्त्वाची आहेच, पण तिची पाळी पाचवी-सहावी. आधी माणसं, मग मुलाची सुरक्षितता, मग कागद, मग पैसा.

## पायरी १: घरी जाण्याआधी

या घराची माहिती कुणी दिली, ते नोंदवा. शाळेने कळवलं असेल तर शिक्षकांशी आधी बोला: हजेरी कशी आहे, डबा आणतो का, मागच्या वर्षीपेक्षा काही बदल दिसतो का. शाळेत जाऊन मुलाला वर्गातून बाहेर बोलावू नका. "याच्याकडे संस्थेच्या बाई आल्या होत्या" ही गोष्ट गावभर व्हायला मधली सुट्टी पुरते.

वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहून ठेवा: जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता, बाल कल्याण समितीचे (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय देणारी जिल्ह्याची समिती) बैठकीचे वार, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा फोन आणि चाइल्ड हेल्पलाइन १०९८. प्राधिकरणाकडून मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे अनेक कार्यकर्त्यांना माहीत नसतं आणि आजी कर्ज काढून वकिलाची फी भरते.

वेळ विचारून जा. मजुरीला जाणारं घर दुपारी बंद असतं. सरपंच, पोलीस पाटील किंवा शेजारीण सोबत घेऊन जाऊ नका. त्यांच्यासमोर आजी जे सांगेल ते गावासाठी असेल.

सावध: मुलाचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर "भेट दिली" म्हणून टाकू नका. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. देणगीदारांना पाठवायच्या अहवालालाही हेच लागू.

## पायरी २: पहिली भेट फक्त ऐकण्याची

फॉर्म पिशवीत राहू द्या. वहीसुद्धा पहिली पंधरा-वीस मिनिटं मिटलेली बरी.

एक गोष्ट मनात पक्की धरून आत जा: ज्या आजीसमोर तुम्ही बसला आहात, तिचा स्वतःचा मुलगा किंवा मुलगी गेलेली आहे. आपण तिला 'पालक' म्हणून प्रश्न विचारतो, आणि ती अजून आई म्हणून रडलेलीही नसते. नातवासमोर रडायचं नाही, असं तिने ठरवलेलं असतं. म्हणून सुरुवात मुलाच्या चौकशीने न करता तिच्या चौकशीने करा. गुडघे कसे आहेत, साखरेची गोळी चालू आहे का, रात्री झोप लागते का.

"आजी, दिवसभरात तुम्ही कधी बसता?"

"बसते कुठं बाई. हा शाळेत गेला की रोजानं जाते, आला की चूल. रात्री हा झोपला की मग बसते."

एवढ्या बोलण्यात तुम्हाला चार गोष्टी कळल्या: म्हातारी अजून रोजाने जाते, मूल शाळेत जातं, घरात दुसरी बाई नाही, आणि तिला बोलायला फक्त रात्र उरते. चौकशीच्या छापील नमुन्यात यातली एखादीच गोष्ट येते.

मग नात्यांचा कागद करा. एका बाजूला वडिलांकडचे, दुसऱ्या बाजूला आईकडचे. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: राहतात कुठे, मुलाला भेटतात का, आणि घरातल्या निर्णयात त्यांचा शब्द चालतो का. मुलाला सांभाळते आजी आणि शाळा ठरवतो चुलता, असं बऱ्याच घरांत असतं. चुलत्याशी न बोलता केलेलं सगळं काम पुढे अडतं.

"आई कुठे असते?" हा प्रश्न मुलादेखत विचारू नका. दुसरं घर केलेल्या आईबद्दल त्या घरात राग असतो, मुलाच्या मनात मात्र ओढ असते. आजीने तिच्याबद्दल बोललेला एक कडवट शब्द मूल वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतं, आणि तो बोलायला भाग पाडणारा प्रश्न आपला असतो.

सावध: पहिल्या भेटीत कसलंही वचन नको. "दर महिन्याला पैसे चालू होतील" हे वाक्य आजी दुकानदाराला सांगते आणि त्या भरवशावर उधारी वाढते. "काय काय मिळू शकतं ते मी बघून पुढच्या वेळी सांगते" इतकंच म्हणा, आणि पुढच्या वेळी खरोखर जा.

## पायरी ३: मूल इथे सुरक्षित आहे का

ही पायरी वगळून कागदांना हात घालू नका. नात्यातलं घर आहे म्हणजे ते सुरक्षितच असणार, असं गृहीत धरलं जातं. बहुतेक घरं तशी असतातही. तरी बघायचंच.

मुलाशी वेगळं बोला, पण घरच्यांच्या नजरेआड नेऊन नको. ओसरीवर, अंगणात, आजीला दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. विचारायचं साधं: सकाळी उठल्यावर काय काय करतोस, कुणाजवळ झोपतोस, घरी कोण आलं की बरं वाटतं, कोण आलं की वाटत नाही. "तुला कोणी त्रास देतं का?" या थेट प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक मूल "नाही" म्हणतं.

कामाचं प्रमाण बघा. भांडी घासणं, पाणी भरणं हे त्या घरातली सगळी मुलं करतात का, की हेच एक मूल करतं? मामाची मुलं अभ्यासाला बसलेली आणि भाची धुण्यावर, असं दिसलं तर ते नोंदवा. लगेच भांडू नका. पुढच्या भेटीत मामींशी त्यांच्या दगदगीपासून बोलणं सुरू करा. पाचव्या माणसाचा स्वयंपाक त्यांच्या वाट्याला आला आणि त्यांना कुणी विचारलंही नाही, ही त्यांची तक्रार बहुधा खरी असते.

तेरा-चौदाच्या पुढची मुलगी असेल तर लग्नाचा विषय कानावर येतो का, ते बघा. "माझ्या डोळ्यांदेखत हिचे हात पिवळे झाले म्हणजे मी सुटले," असं आजी म्हणते तेव्हा त्यात माया असते आणि धोकाही असतो. १८ च्या आत मुलीचं लग्न हा गुन्हा आहे. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. पण कायद्याची भीती घालण्याआधी आजीचा खरा प्रश्न हातात घ्या: माझ्यामागे हिला कोण? त्यावर काय करायचं ते पायरी ९ मध्ये आहे.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तर थांबायचं नाही, स्वतः तपासही करायचा नाही. पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा आहे. "घरातलं घरात मिटवू" म्हणणाऱ्यांत आपण बसायचं नाही. मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका. जे पहिल्यांदा सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

आणि याच्या उलट टोकाची चूक. गळकं छप्पर, एकच खोली, आजीची मजुरी बघून "मूल बालगृहात टाकू या, निदान जेवण तरी वेळेवर मिळेल," असा विचार येतो. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मधलंच तत्त्व आहे. माझा या बाबतीत आग्रह आहे: ज्या घरात मुलाला हाक मारणारं माणूस आहे, त्या घराचं छप्पर दुरुस्त करण्यासाठी आपण धावायचं. मूल उचलण्यासाठी नाही.

पुढे जाण्याआधी बघा: मुलाशी एकदा तरी वेगळं बोलणं झालं का? घरातल्या निर्णय घेणाऱ्या माणसाला भेटलात का? तिथे राहायची मुलाची स्वतःची इच्छा लिहून घेतली का?

## पायरी ४: कागद, आणि कोणता आधी

सगळ्यात जास्त फाईली इथे अडतात. कारण एकच, कागद चुकीच्या क्रमाने काढले जातात.

आधी डबा उघडा. बहुतेक घरांत गेलेल्या माणसाचे कागद एका पत्र्याच्या पेटीत किंवा बिस्किटाच्या डब्यात असतात. आजीला तो स्वतःच्या हाताने उघडू द्या. कागद जमिनीवर पसरून एकेक बघा: जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, वडिलांचं पासबुक, विम्याची पावती, कारखान्याची पगारस्लिप, बांधकाम कामगाराचं नोंदणी कार्ड. पासबुक टाकाऊ समजू नका. त्यात वर्षातून एकदा ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची कपात असते, २० रुपये दिसले तर सुरक्षा विम्याची. जुन्या नोंदींत हेच आकडे ३३० आणि १२ असतात. पहिल्यात कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूला आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे. मृत्यूच्या वेळी विमा चालू होता असं दिसलं तर त्याच आठवड्यात बँकेत जा. पगारस्लिपवर पीएफची कपात असेल तर भविष्य निर्वाह निधी कार्यालय गाठा. पेन्शन योजनेत मुलांना २५ व्या वर्षापर्यंत पेन्शन असते, दोन्ही पालक नसतील तर अनाथ पेन्शन. हे पैसे कुठल्याही योजनेच्या उपकाराचे नाहीत, त्या मुलाच्या बापाच्या कष्टाचे आहेत. म्हणून मी ते सगळ्यात आधी शोधते.

अस्सल कागद घेऊ नका. फोटो काढा किंवा गावातच झेरॉक्स करून मूळ कागद परत डब्यात ठेवा. "मॅडमकडे आहे" हे उत्तर पुढे कुठल्याच कचेरीत चालत नाही आणि तुमची बदली झाली की कागदही जातो.

आता क्रम.

१. मृत्यूचा दाखला. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद असते. वडील गावचे असले तरी पुण्याच्या दवाखान्यात गेले असतील तर दाखला पुणे महापालिकेकडे. ग्रामपंचायतीत हेलपाटे घालण्याआधी हे विचारून घ्या. मृत्यूनंतर वर्षाच्या आत नोंद झालीच नसेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं सुरू करा.

२. मुलाचा जन्मदाखला. त्यात मुलाचं नाव घातलेलं आहे का ते बघा. अनेकांत ती जागा कोरी असते.

३. नावाचं एक स्पेलिंग ठरवा. जन्मदाखल्यावर 'रुक्मिणी', शाळेत 'रुखमिनी', आधारवर 'रुक्मीण'. अशा वेळी आधी आधार दुरुस्त करायला धावू नका. जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर एकमेकांशी जुळवून घ्या, मग त्यांच्या आधारे आधार कार्ड. उलटं केलंत तर तेच काम दोनदा करावं लागतं.

४. आधार. पाच आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाचे ठसे अद्ययावत करावे लागतात. ते राहिलं असेल तर पुढे बँकेत अडतं. दुसरी अडचण हमखास येते: आधारला जोडलेला मोबाईल नंबर गेलेल्या वडिलांचा असतो आणि ते सिम बंद पडलेलं असतं. ओटीपी येत नाही आणि का येत नाही ते कुणाला कळत नाही. केंद्रावर जाल तेव्हा ठसे आणि नंबर दोन्ही एकाच फेरीत करून घ्या.

५. रेशन कार्ड. मुलाचं नाव जुन्या कार्डातून कमी झाल्याशिवाय आजीच्या कार्डात चढत नाही. आई दुसरीकडे असेल तर तिच्या कार्डावर नाव अडकलेलं नाही ना, ते पुरवठा शाखेत बघा. दवाखान्याच्या योजनेलाही हेच कार्ड लागतं.

६. उत्पन्न आणि रहिवासी. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून. हा शेवटी काढा. त्याची मुदत असते. आधी काढून ठेवला की बाकीचे कागद जमेपर्यंत तो संपतो.

शाळेबद्दल एक गोष्ट. जुन्या गावच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये ते स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांना नम्रपणे आणि लेखी कळवा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

सावध: पालक बेपत्ता असेल तर "मयत आहे" असं प्रतिज्ञापत्र कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. बेपत्ता झाल्याची पोलिसांत नोंद करा. सात वर्षं काहीच खबर नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरू देतो, पण त्यासाठी ती सुरुवातीची नोंद लागते. खोटं प्रतिज्ञापत्र आजीच्या अंगठ्यावर होतं आणि गुन्हाही तिच्यावर येतो.

## पायरी ५: कोणती मदत या मुलाला लागू पडते

सगळ्यांना सगळे फॉर्म भरायला लावू नका. मुलाची स्थिती लिहा आणि मग जुळवा.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना ही राज्याची मुख्य योजना आहे. १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. दोन्ही पालक नसलेल्यांसाठीच ती आहे असा गैरसमज फार आहे. एक पालक असलेली, पालक तुरुंगात असलेली, पालक गंभीर आजारी असलेली मुलंही तिच्यात बसतात.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व दरमहा ४,००० रुपयांचं आहे. विस्तारित कुटुंबात राहणारी अनाथ मुलं त्यात बसतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत हवं. एखादी योजना आधीपासून चालू असेल तर अर्जात ती लपवू नका. वसुली निघाली तर आजीकडे भरायला काही नसतं.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत १८ च्या आतली अनाथ मुलं येतात, तिचं काम तहसीलमध्ये चालतं. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावावर राज्याची पाच लाखांची ठेव आणि पीएम केअर्सची वेगळी तरतूद आहे. त्यांची कागदपत्रं आता नव्याने करायची नसतात, पण त्या ठेवीची पावती नेमकी कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत असायला हवं.

ऊसतोडीच्या घरांचं वेगळं. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास आई-वडील कारखान्यावर जातात आणि मुलं चार-पाच महिने आजी-आजोबांकडे राहतात. इथे पालक आहेत, त्यामुळे संगोपनाचा फॉर्म भरण्यात अर्थ नाही. शाळेच्या हंगामी वसतिगृहात नाव घालणं, आई-वडील निघण्याआधी त्यांचा चालू मोबाईल नंबर आणि मुकादमाचा नंबर घेणं, आणि आजोबांना दवाखान्यासाठी थोडे पैसे वेगळे ठेवायला लावणं ही खरी कामं. ती ऑक्टोबरच्या आधी व्हायला हवीत. उचल घेऊन गाडी निघाली की मग बोलायला कुणी उरत नाही.

## पायरी ६: अर्ज आणि बाल कल्याण समिती

अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात किंवा योजनेसाठी नेमलेल्या संस्थेकडे द्या. पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलेलाच नाही असं समजा.

गृहचौकशीचा अहवाल लिहिताना 'परिस्थिती हलाखीची आहे' हे वाक्य टाळा. प्रत्येक फाईलमध्ये तेच असतं आणि त्यातून समितीला काही कळत नाही. लिहा: आजीचं वय किती, मजुरीचे दिवस किती, औषधाला महिन्याला किती जातात, मुलाचा शाळेचा खर्च किती, दुसरं कोण हातभार लावतं. मुलाचं म्हणणं वेगळ्या परिच्छेदात त्याच्याच शब्दांत.

समितीपुढे जाण्याच्या आदल्या दिवशी आजीला आणि मुलाला तिथे काय होईल ते सांगा: अध्यक्ष आणि सदस्य असतील, टेबलापलीकडे बसलेले असतील, नाव-गाव विचारतील, मुलाला वेगळं विचारतील. हे कोर्ट नव्हे, कुणी मूल काढून घेणार नाही. हे सांगितलं नाही तर आजी रात्रभर जागी राहते. जाण्या-येण्याच्या गाडीभाड्याची सोय आणि तिचा बुडणारा रोज यांचाही विचार तुम्हीच करायचा आहे. तालुक्यातली चार-पाच घरं एकाच वाराला नेलीत तर एक जीप पुरते.

सावध: या अर्जांना फी नाही. "साहेबांना द्यावे लागतात" म्हणून पैसे मागणारा माणूस कुणीही असो, घरच्यांना आधीच सांगून ठेवा की एक रुपया द्यायचा नाही.

## पायरी ७: खातं आणि पैसा

मंजुरी आली तरी पैसे येत नाहीत, याची तीन कारणं वारंवार दिसतात: खात्याला आधार नुसतं नोंदवलेलं असतं पण थेट लाभासाठी सीड केलेलं, म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत म्हणून जोडलेलं, नसतं, केवायसी संपलेली असते, किंवा दोन वर्षं व्यवहार न झाल्याने खातं निष्क्रिय झालेलं असतं. बँकेत नेमकं हेच तीन प्रश्न विचारा.

आजीला 'पालक' म्हणून खात्यावर घ्यायला बँक कां-कूं करते, कारण ती नैसर्गिक पालकही नसते आणि कोर्टाने नेमलेलीही नसते. मूल दहा वर्षांच्या वर असेल तर त्याचं स्वतः चालवायचं खातं उघडण्याची सोय आहे, ती मागा.

पहिला हप्ता आला की एक बैठक घ्या. तुम्ही हिशेब तपासायला बसू नका. आजी, मूल आणि घरातला निर्णय घेणारा माणूस यांनी मिळून ठरवायचं: यातलं शाळेला किती, खाण्याला किती, मागे किती. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला पासबुक वाचायला शिकवा. पैसे त्याच्या नावाने येतात आणि त्याला कधी कळतच नाहीत, असं होऊ नये. आजीची चप्पल किंवा चष्मा त्या पैशातून आला तर त्याला गैरवापर म्हणू नका. ती धडधाकट राहणं मुलाच्याच भल्याचं आहे.

## पायरी ८: पालकत्व आणि जमीन

समितीचा योजनेचा आदेश म्हणजे कायदेशीर पालकत्व नव्हे. स्टँपपेपरवर नोटरी करून घेतलेलं "मी याला दत्तक घेतलं" हेही नव्हे. मुलाच्या मालमत्तेचा किंवा वादातल्या ताब्याचा प्रश्न असेल तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. प्रत्येक घराला ते लागत नाही. जिथे जमीन, विमा, घर किंवा भांडण आहे तिथे लागतं, आणि तिथे विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळवून द्या.

जमिनीकडे मात्र प्रत्येक घरात बघा. वडिलांच्या मृत्यूनंतर वारस नोंद तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यायची असते. उशीर झाला असेल तरी द्या. अज्ञान, म्हणजे १८ पूर्ण न झालेल्या, मुलाचं नाव सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) लावून, सांभाळणाऱ्याच्या नावासह चढतं. सातबारा आणि फेरफार दोन्ही काढून मुलाचं नाव आलं आहे का ते स्वतः वाचा. "सगळ्यांची नावं लावली" या चुलत्यांच्या शब्दावर थांबू नका. मुलींची नावं इथेच गळतात.

मुलाच्या वाट्याचं हक्कसोड पत्र आजोबा किंवा चुलते करून देऊ शकत नाहीत. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे आई-वडिलांनासुद्धा अज्ञानाची जमीन विकायला न्यायालयाची परवानगी लागते. नुसत्या सांभाळणाऱ्या नातेवाइकाला तर तो अधिकारच नाही. कुणी सहीला बोलावलं तर आजीने "आधी ताईंना दाखवते" एवढं म्हणून कागदाचा फोटो मागावा. हे वाक्य तिच्याकडून आधीच म्हणवून घ्या.

## पायरी ९: पुढच्या भेटी, आणि आजीनंतर कोण

पहिले तीन महिने दर पंधरा-वीस दिवसांनी, मग महिन्याने, पुढे घर सावरलं तसं अंतर वाढवा. संगोपनाची दरवर्षी पाहणी होते, शाळेचा बोनाफाईड लागतो. ती तारीख वहीत लिहा, पण वर्षातून तेवढ्याच वेळी उगवू नका.

भेटीत बघायचं ते असं: आजीची तब्येत, मुलाची हजेरी, घरात नवं माणूस राहायला आलं आहे का, आणि मूल पूर्वीसारखं बोलतं का. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या, राखीच्या, दिवाळीच्या सुमारास मूल बिथरतं. शाळेला त्या आठवड्याची कल्पना देऊन ठेवा.

सगळ्यात अवघड बोलणं हे: "आजी, तुम्ही आजारी पडलात तर याला कोण बघेल?" बहुतेक कार्यकर्ते हा प्रश्न अशुभ म्हणून टाळतात. आजीच्या मनात तो रोज असतो. विचारल्यावर ती बरेचदा सुटल्यासारखी बोलायला लागते. नात्यांचा तो पहिल्या भेटीतला कागद काढा. दुसरं माणूस ठरवा, मग त्या माणसाला प्रत्यक्ष भेटा. नुसतं नाव लिहून उपयोग नाही. मुलाला सुट्टीत आठ-दहा दिवस त्याच्याकडे राहायला पाठवायला सुचवा, आणि परत आल्यावर मुलाला विचारा. बरं वाटलं नसेल तर दुसरं माणूस शोधा. हे ठरलं की मुलीच्या लवकर लग्नाचा विषय पुष्कळ घरांत आपोआप मागे पडतो, कारण त्या घाईच्या मुळाशी हीच काळजी असते.

तुमच्या जागी दुसरा कार्यकर्ता येणार असेल तर एक भेट दोघांनी मिळून करा. मुलाला नव्या माणसाशी ओळख करून द्या. अशा मुलांनी न सांगता निघून गेलेली माणसं आधीच पुष्कळ पाहिलेली असतात.

## पायरी १०: अठरा पूर्ण होण्याच्या वर्षभर आधी

संगोपनाचे पैसे १८ ला थांबतात. ही गोष्ट सतराव्या वर्षी घरात स्पष्ट सांगा, म्हणजे कॉलेजच्या फीची जुळवाजुळव वेळेत होते.

दोन्ही पालक नसतील तर अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज याच वर्षी करा. राज्यात शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आहे आणि नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांनाही अर्ज करता येतो. संस्थेत राहिलेल्यांनाच ते मिळतं या गैरसमजापायी कित्येक मुलं अर्जच करत नाहीत. दोन्ही पालकांचे मृत्यूचे दाखले इथे पुन्हा लागतात.

१८ पूर्ण झाल्यावर बँकेत नवी सही आणि केवायसी देऊन खातं सज्ञान करा. मतदार नोंदणी करा. आणि सातबाऱ्यावरची अ.पा.क. नोंद कमी करण्याचा अर्ज जन्मदाखल्यासह तलाठ्याकडे द्या. त्याच वेळी मागचे सगळे फेरफार काढून मुलासोबत बसून वाचा. अज्ञान असताना पालकाने त्याच्या वाट्याची जमीन परवानगीशिवाय विकलेली आढळली तर तो व्यवहार रद्द करून घेण्यासाठी दावा लावायला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. ती तारीख मुलाच्या स्वतःच्या वहीत, त्याच्या अक्षरात लिहून घ्या, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर तिच्याखाली.